प्रेसिंगचा सापळा लावण्याआधी पहिला पास ठरवा

फुटबॉलमध्ये राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकाला सामन्याआधी अख्ख्या संघासोबत सरावाची जेमतेम दोन-चार सत्रं मिळतात. क्लबमध्ये वर्षभर घोटलेलं प्रेसिंग, म्हणजे प्रतिस्पर्ध्यावर धावून जात चेंडू हिसकावणं, एवढ्या वेळात अंगवळणी पडत नाही. म्हणून एकच सापळा, म्हणजे चेंडू हव्या त्या जागी वळवून हिसकावण्याची ठरलेली चाल, निवडा. आणि चेंडू हिसकावल्यावर तो कुठे जाणार, हे प्रेसिंग शिकवण्याच्या आधी ठरवा, कारण चेंडू कुठे मिळतो यावरच पुढचा हल्ला कसा होणार ते ठरतं.

प्रतिस्पर्ध्याच्या गोलपासून ३० मीटरच्या आत चेंडू मिळाला, तर दोन पासांच्या आत फटका गेला पाहिजे. तिसऱ्या पासापर्यंत बचावफळी परतलेली असते. मध्यरेषेजवळ मिळाला तर पहिला पास सरळ पुढे. २०२२च्या विश्वचषक अंतिम सामन्यात ८१व्या मिनिटाला फ्रान्सच्या कोमानने अर्जेंटिनाच्या मेस्सीकडून चेंडू काढला, राबियोने तो उचलून पुढे दिला, एम्बापे आणि थुराम यांच्यात देवाणघेवाण झाली आणि एम्बापेने चेंडू जमिनीवर पडू न देता फटका मारला. या साखळीत कुणी चेंडू अडवून धरला नाही. स्वतःच्या बॉक्सजवळ (गोलसमोरच्या पेनल्टी क्षेत्राजवळ) चेंडू मिळत असेल तर मात्र पाठीवर बचावपटू घेऊन चेंडू टिकवणारा स्ट्रायकर, म्हणजे सगळ्यात पुढचा हल्लेखोर, लागतो. तो नसेल तर इतक्या खाली सापळा लावू नका.

आता सापळा. स्ट्रायकरने सरळ न धावता कमानीसारखं वळण घेत धावायचं, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या एका सेंटर-बॅककडून (मधल्या बचावपटूकडून) दुसऱ्याकडे जाणारा पास त्याच्या अंगामागे झाकला जातो आणि चेंडू एकाच बाजूला वळतो. त्या बाजूच्या विंगरने (कडेच्या हल्लेखोराने) आधी हलायचं नाही. फुलबॅककडे (कडेच्या बचावपटूकडे) पास निघाला की झेपावायचं. जवळच्या मिडफिल्डरने आत येणारा पास अडवायचा. लांबच्या बाजूचा विंगर सगळ्यात महत्त्वाचा, आणि नेमका तोच विसरला जातो: त्याने टचलाइन (मैदानाची बाजूची रेषा) सोडून मैदानाच्या मध्यापर्यंत आत यायचं. चेंडू सुटला की मोकळा असणारा पहिला माणूस तोच.

प्रेसिंग सुरू करण्याचे इशारे दोनच ठेवा. गोलरक्षकाकडे मागे दिलेला पास हा पहिला, आणि स्वतःच्या गोलकडे तोंड करून चेंडू घेणारा फुलबॅक हा दुसरा. २०१९पासून गोलकिकचा (गोलरेषेबाहेर गेलेला चेंडू बचाव करणारा संघ पुन्हा खेळात आणतो त्या किकचा) पास बॉक्सच्या आतच घेता येतो, पण चेंडू हलेपर्यंत तुमच्या माणसाला बॉक्सबाहेर थांबावं लागतं. तेव्हा स्ट्रायकर अगदी रेषेला चिकटून उभा हवा.

गोलरक्षकावर एकट्याने धावून जाण्याचा फारसा उपयोग नाही. २०२२च्या विश्वचषकात अर्जेंटिना-ऑस्ट्रेलिया सामन्यात अर्जेंटिनाचा डी पॉल धावून आला तेव्हा गोलरक्षक रायनने त्याला चुकवायला बाजूला टच घेतला. तो टच टिपायला डी पॉलचा साथीदार आल्वारेझ तिथे होता, म्हणून गोल झाला. पहिल्याने दिशा दाखवायची, चेंडू दुसऱ्याने घ्यायचा. त्याच स्पर्धेत जपानने स्पेनविरुद्ध ४८व्या मिनिटाला हेच मोठ्या प्रमाणावर केलं. माएदा स्पेनचा गोलरक्षक उनाय सिमोनवर धावला, सिमोनने डावीकडे बाल्देला चेंडू उचलून दिला, इतोने तिथे झुंज दिली आणि सुटलेला चेंडू दोआनच्या पायात पडला. बॉक्सच्या कडेवरून डाव्या पायाने फटका, गोल.

प्रेसिंग फसतं ते बहुतेक वेळा मागच्या फळीमुळे. पुढचे तिघे धावतात, बचावफळी जागेवरच राहते, मध्ये ४० मीटरचं मैदान मोकळं पडतं आणि एका पासात सहा जण मागे पडतात. पहिल्या आणि शेवटच्या खेळाडूत ३० मीटरपेक्षा जास्त अंतर नको. दुसरी चूक म्हणजे चेंडू जिंकणाऱ्याचा जास्तीचा टच. त्याने मान वर करून शोधत बसायचं नाही. ठरलेल्या जागी पास द्यायचा. आणि सगळेच चेंडूकडे धावले तर हल्ल्याला रुंदी उरत नाही. चेंडूमागे किमान तीन जण थांबलेच पाहिजेत. २०१८च्या विश्वचषकात बेल्जियमविरुद्ध २-२ असताना जपानच्या शेवटच्या कॉर्नरवर चेंडू बेल्जियमचा गोलरक्षक कूर्त्वाच्या हातात आला. डी ब्रॉयनेला वाटेत कुणी रोखलं नाही आणि शाडलीच्या गोलने जपान स्पर्धेबाहेर गेला.

सरावासाठी मैदानाची ६० मीटर लांबी आणि पूर्ण रुंदी घ्या. एका बाजूला गोलरक्षक, चार बचावपटू, दोन मिडफिल्डर; समोर तुमचे सहा. सुरुवात गोलरक्षकाकडून. चेंडू जिंकल्यापासून ८ सेकंदांत फटका गेला नाही तर तो गोल धरायचा नाही. प्रतिस्पर्ध्याने सापळा फोडून पलीकडच्या टोकाच्या दोन छोट्या गोलांपैकी एकात चेंडू घातला तर त्यांना दोन गुण. चार मिनिटांच्या चार फेऱ्या, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. सामन्याच्या आदल्या दिवशी हेच चालत-चालत करा, धावणं नको.

बदली खेळाडूंचा हिशेबही आधीच करा. कमानीत धावणारा स्ट्रायकर साधारण ६० मिनिटांनी मंदावतो. त्याची धाव सरळ होऊ लागली की लगेच बदला, कारण तेव्हापासून चेंडू दोन्ही बाजूंना जायला लागतो.