"उचल किती दिली?": कॉमिक स्वतः छापताना आणि प्रकाशकाला देताना

प्रकाशकाचं पत्र आलं तेव्हा ते मी आबांना वाचून दाखवलं. ऐंशी पानांचं कॉमिक, एकरकमी मानधन आणि "कथा, चित्रे, पात्रे, सर्व भाषा, सर्व माध्यमे, कायमस्वरूपी" हे सगळे हक्क त्यांच्याकडे. आबांचे वीस हंगाम ऊसतोडीत गेलेले. त्यांनी एवढंच विचारलं, "आन् उचल किती दिली? फिटंस्तोवर कोयता त्याचाच असतोय."

उचल म्हणजे हंगामाआधी मजूर जमवणाऱ्या मुकादमाकडून घेतलेले आगाऊ पैसे, ते फिटेपर्यंत मजूर त्याला बांधलेला. आमच्या बीडकडं हा हिशेब शाळेत शिकवावा लागत नाही. पण मी चित्रकलेचं शिक्षण घेतलेला, पुस्तक निघणार म्हणून हरखलेला. ती ओळ माझ्या नजरेतून सुटली होती. कादंबरीकार हक्क देतो तेव्हा एक पुस्तक जातं. आपलं मात्र पात्र जातं. माझी नायिका मुकादमाच्या ट्रॅक्टरवर बसून कारखान्याला जाणारी दहा वर्षांची पोर आहे. पुढच्या पुस्तकात तिचा चेहरा काढायचा तरी मला परवानगी मागावी लागली असती.

मग कॉपीराइट कायदा वाचला. १९५७चा आहे आणि वाटतो तितका अवघड नाही. कलम १९ प्रत्येक चित्रकारानं एकदा तरी वाचावं. हक्क द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात, तोंडी दिलेले धरत नाहीत. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. घेतलेले हक्क प्रकाशकानं वर्षभर वापरलेच नाहीत तर ते सुटतात, पण करारात वेगळं लिहिलेलं नसेल तरच. म्हणून "कायमस्वरूपी" आणि "सर्व माध्यमे" हे शब्द दिसले की तिथं पेन्सिलीनं खूण करायची. खूण केली म्हणून कुणी चिडत नाही, हे मला फार उशिरा कळलं.

मी ते पत्र परत पाठवलं. त्यात बाणेदारपणा फारसा नव्हता. त्यांना पुस्तक अर्ध्या आकारात छापायचं होतं आणि तेवढ्या आकारात माझे संवादाचे फुगे मुंगीएवढे झाले असते.

राहिला मार्ग स्वतः छापण्याचा. ऐंशी पानांची ऐपत नव्हती, म्हणून त्यातलाच एक प्रसंग ३० पानांत बसवला. छापखानेवाल्यानं पानं मोजली आणि हसला. सेंटर पिनच्या, म्हणजे मधोमध पिन मारलेल्या पुस्तकाची पानं चारच्या पटीत लागतात. दोन पानं वाढवून ३२ केली, शिवाय कव्हरची चार. प्रती ३००. एवढ्या कमी प्रतींना ऑफसेट परवडत नाही, त्यासाठी कराव्या लागणाऱ्या प्लेटचाच खर्च अंगावर येतो. डिजिटलवर दर प्रतीचा खर्च जास्त, पण लागतील तेवढ्याच काढता येतात.

पहिला लॉट बघून मी छापखान्याच्या पायरीवर बसलो. रात्रीच्या उसाच्या फडाचा जो निळा मी चार दिवस जमवला होता, तो मळकट जांभळा आला होता. मी स्क्रीनवर आरजीबीत, म्हणजे प्रकाशाच्या रंगांत रंगवलं होतं, छपाई सीएमवायकेत, म्हणजे चार शायांत होते. सुरुवातीपासून सीएमवायकेत काम करा, रंगीत पान ३०० डीपीआय (इंचात इतके ठिपके) आणि नुसत्या रेघांचं ६०० ठेवा, कापणीसाठी चारही बाजूंनी तीन मिलिमीटर जादा सोडा. आणि पूर्ण लॉट काढायच्या आधी एका पानाचा प्रूफ हातात घ्या, उन्हात नेऊन बघा.

दुसरं दुखणं मराठीचंच. फोटोशॉपमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांसाठीचा कंपोझर निवडला नाही तर वेलांट्या भलतीकडं जातात. डीटीपीवाल्याकडं जुने बिगर-युनिकोड फॉन्ट असतात, आपली फाइल युनिकोड. माझ्या पुस्तकात "दुसऱ्या"चा "ऱ्या" तीन ठिकाणी फुटला. तेव्हापासून फाइल देताना अक्षरं कर्व्ह करूनच देतो. मग ती अक्षरं न राहता चित्र होतात आणि कुणाच्याही संगणकावर तशीच उघडतात. अर्थात नंतर शुद्धलेखनाची चूक सापडली तर दुरुस्त करता येत नाही, म्हणून मूळ फाइल वेगळी जपायची.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, फुकट मिळतो. दिल्लीच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेच्या पोर्टलवर स्वतःच्या नावानं अर्ज करता येतो. तो विकत देणारे मध्यस्थ भेटतील, त्यांना पैसे देऊ नका. (कोलकात्याचं राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान वेगळं, ते ग्रंथालयांना पुस्तकं पुरवण्याच्या कामात आहे. मी दोन्हींत घोळ घातला होता.) आणि प्रकाशक तुम्हीच असल्यानं १९५४च्या कायद्याप्रमाणे ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह चार ग्रंथालयांना स्वखर्चानं एकेक प्रत पाठवायची जबाबदारीही तुमचीच.

इथवरचं सगळं शिकता येतं. खरी दमछाक विकताना होते. ६० प्रती व्हॉट्सअ‍ॅपवरून आगाऊ गेल्या, पैसे यूपीआयनं आले. नंतर पिशवी घेऊन संभाजीनगरच्या दुकानांत फिरलो. दुकानदारानं प्रत आडवी धरली, उभी धरली आणि म्हणाला, "सर, याला पाठच नाही." पिन मारलेल्या पुस्तकाला कणा नसतो. फळीवर उभं केलं की ते दोन जाड पुस्तकांत गायब होतं. त्यानं ते मासिकांच्या गठ्ठ्यात टाकलं. तालुक्याच्या एका वाचनालयातही त्याची नोंद "नियतकालिक" अशीच झाली.

किंमत १०० रुपये होती. छपाईला प्रतीमागं ४५ गेले. हातानं विकली तर ५५ उरत. दुकानातून विकली तर ४० टक्के त्यांचे, म्हणजे मला १५, तेही प्रत खपल्यावर आणि चार फोन झाल्यावर. प्रकाशकाकडं १० टक्के रॉयल्टी म्हणजे १० रुपये. पाच रुपयांचा फरक! त्या पाच रुपयांत माझं पेट्रोल, खपटाचे बॉक्स आणि टपाल आलं. टपालाचं थोडं बरं झालंय, २०२५च्या मेपासून ज्ञान पोस्ट आलं आहे, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये अधिक कर. कॉमिक त्यात घेतात का, हे पोस्टात प्रत दाखवून विचारा.

किंडलवरही चढवून बघितलं. ७० टक्के रॉयल्टीचा पर्याय घेतला की फाइलच्या दर एमबीमागं पैसे कापतात. कथासंग्रहाला ते जाणवत नाही, चित्रांच्या जड फाइलला जाणवतं. मी ३५ टक्क्यांवर आलो.

सगळ्यात जास्त प्रती गेल्या त्या २०२२च्या उदगीरच्या साहित्य संमेलनात. एप्रिलचं ऊन, ओळखीच्या विक्रेत्याच्या टेबलाचा कोपरा. दुपारपर्यंत एकही गेली नाही. कंटाळून मी एक पान हातात उंच धरलं आणि संवाद मोठ्यानं वाचायला लागलो. पोरं गोळा झाली. पैठणच्या नावानं ओळखली जाणारी चित्रं दाखवत कथा सांगणारे चित्रकथी हेच तर करायचे, त्यांनाही वितरक नव्हता. पण रोज असं उभं राहिलो तर चित्रं कधी काढणार? ३०० प्रती संपवायला मला १४ महिने लागले आणि त्या काळात नवीन पानं झाली फक्त अकरा.

शिवाय मी पुस्तक दिवाळीला काढलं होतं. ज्यांच्यावर ते होतं ती माणसं दसऱ्यानंतर गाव सोडून कारखान्यांवर गेलेली असतात. सुचायला हवं होतं ना मला? निदान मला तरी!

ऐंशी पानांचं पुस्तक शेवटी दुसऱ्या प्रकाशकाला दिलं. या वेळी बोलताना मला आकडे माहीत होते. फक्त मराठी छापील पुस्तकाचे हक्क, मुदत पाच वर्षं, पात्रं आणि चित्रपट-अ‍ॅनिमेशनचे हक्क माझ्याकडे, आकार बदलायचा तर मला विचारून, अक्षरांचा शेवटचा प्रूफ मी तपासणार. ते १० टक्क्यांवरून हलले नाहीत, मीही फार ओढलं नाही. छापखाना, गोदाम, दुकानदारांना फोन, थकलेली वसुली, हे सगळं मी १४ महिने केलेलं होतं. उरलेले ९० टक्के कुठं जातात हे मला ठाऊक होतं.

करार आबांना वाचून दाखवला. "उचल?" म्हणाले. नाही म्हटलं. "मग बरंय."

आता तिसरं पुस्तक. तेच पात्र, पण हे पुन्हा स्वतः छापणार आहे, कारण ते साखरशाळांत, म्हणजे ऊसतोड्यांच्या पोरांसाठी कारखान्यांवर चालणाऱ्या शाळांत न्यायचं आहे आणि तिथं कुठलाच वितरक जात नाही. ६४ पानं झाली आहेत. या वेळी कणा हवा म्हणून बाइंडरला विचारलं, तर ८० जीएसएम वजनाच्या कागदावर जेमतेम साडेतीन मिलिमीटर भरतो, नाव बसत नाही. कागद जाड घ्या नाहीतर पानं वाढवा, म्हणाला. पानं वाढवतोय.