कसर लागलेला नौदलाचा डगला: माझा अनुभव

योकोहामाला राहायला आल्यापासून जुन्या जपानी नौदलाच्या वस्तू जमवतोय. १९४५ साली ते नौदलच संपलं, त्यामुळे हाती येईल तो कपडा जिवापाड जपायचा. पावसाळ्यात घेतलेल्या अधिकाऱ्याच्या गडद निळ्या लोकरी डगल्याला कसर लागलेली निघाली. उभ्या कॉलरच्या आत बारीक भोकं, शिवणीत पांढुरक्या अळ्या. या डगल्याला पुढे बटणं दिसत नाहीत, आत हूक असतात आणि काठाला काळी विणलेली फीत. कसरीने नेमकी त्या फितीखालची जागा धरलेली.

डांबराच्या गोळ्या टाळल्या. पेटीत आधीचा कापूर होता, आणि दोन्ही एकत्र आले की पाझरून कापडावर डाग पडतात. डगला पातळ कागदात गुंडाळून हवाबंद पिशवीत घातला आणि उणे १८ अंशांवर दोन आठवडे फ्रीजरमध्ये ठेवला. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, हे फार महत्त्वाचं. नाहीतर गार कापडावर पाणी धरतं. दुसऱ्या दिवशी व्हॅक्यूमच्या तोंडाला जाळी बांधून शिवणी साफ केल्या. कॉलरवरची हुद्दा दाखवणारी सकुराची (जपानी चेरीची) फुलं मात्र कोरड्या मऊ कुंचल्यानेच झटकली.

भोकं रफू केली नाहीत. जुन्या कपड्यात नवा धागा मला पटत नाही. आता डगला सुती खोळीत, जाड हँगरवर असतो, आणि शिवणी अधूनमधून उलटून बघतो.