बेटावरच्या मुंग्यांसाठी पैसे कसे जमवाल

पनामा कालव्यासाठी तलाव भरला, तेव्हा पाण्यावर उरलेला डोंगरमाथा म्हणजे बारो कोलोरादो बेट. कॉलेजात असताना तिथे मी उन्हाळाभर मुंग्या मोजल्या.

अमेरिकेत शिकताय? एनएसएफ या तिथल्या सरकारी विज्ञान-निधी संस्थेची आरईयू योजना पदवीच्या विद्यार्थ्यांना संशोधनासाठी विद्यावेतन देते, पण फक्त नागरिकांना आणि ग्रीनकार्डवाल्यांना. मी एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर, त्यामुळे तो नाद सोडला. आधी बेटावरचं संशोधन केंद्र चालवणाऱ्या स्मिथसोनियन संस्थेच्या संशोधकाचा होकार मिळवला, मगच कॉलेजच्या संशोधन निधीकडे अर्ज केला.

अंदाजपत्रक विमानभाड्यापाशी थांबवू नका. गांबोआ गावाहून बेटापर्यंतची होडी, राहणं-जेवण, लस, गमबूट, सगळं मांडा. मी नेमकं मुंग्यांचे नमुने टिकवायचं इथेनॉल (अल्कोहोल) विसरले! ९५ टक्क्यांचं विमानात नेता येत नाही, तिथेच घ्यावं लागतं.

आणि पावत्यांचे फोटो त्याच दिवशी काढा. माझ्या दोन दमट हवेत कोऱ्या झाल्या. ते पैसे बुडाले.