पोपटाच्या पिल्लाला हात लावण्याआधी बादली धुवायला शिका

पोपटांच्या संवर्धनात यायचं ठरवलेली मुलं दोराने झाडावर चढायला शिकून येतात, दुर्बीण घेऊन येतात, आकडेवारीचं सॉफ्टवेअर शिकून येतात. हे सगळं लागतंच. पण नवख्या माणसाकडून पक्ष्यांचं जे खरं नुकसान होतं ते यातल्या कशानेच टळत नाही. ते होतं हाताला, पिशवीला, बुटाच्या नाडीला चिकटलेल्या पिसांच्या भुकटीमुळे. म्हणून बाकीचं भराभर उरकतो आणि यावरच जास्त बोलतो.

मॉरिशस बेटावरच्या इको पॅराकीट या पोपटाबद्दल आधी नीट वाचून काढा. (तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणारी मराठी कुटुंबं आहेत, पण या पक्ष्याबद्दल मराठीत फारसं वाचायला मिळत नाही.) हा आपल्या राघूच्या जवळच्या नात्यातला, अंगाने जरा भरलेला, शेपूट आखूड. १९८०च्या दशकात रानात जेमतेम दहा-बारा उरले होते. जुनी झाडं गेल्याने ढोल्या कमी, उंदीर आणि माकडं घरटी लुटणार, माश्यांच्या अळ्या पिल्लांचं रक्त पिणार, आणि माणसाने तिथे नेलेला आपला राघू उरलेल्या ढोल्या बळकावणार. घरट्यांसाठी लाकडी पेट्या, पूरक खाणं आणि हाताने वाढवलेली पिल्लं यांच्या जोरावर संख्या वाढत गेली. मग २००४-०५च्या सुमारास चोच-पिसांच्या रोगाची, म्हणजे पीबीएफडीची साथ आली.

हा रोग सर्कोव्हायरसमुळे होतो, आणि नवखा माणूस फसतो तो इथेच. कोविडनंतर आपल्या सगळ्यांच्या खिशात सॅनिटायझर असतो. एका घरट्यातून उतरायचं, हातावर सॅनिटायझर चोळायचा, पुढच्या घरट्यावर चढायचं. मनाला वाटतं, काळजी घेतली. काहीही घेतलेली नसते. कोरोनाच्या विषाणूला स्निग्ध पदार्थाचं आवरण असतं, ते अल्कोहोलने विरघळतं आणि विषाणू निकामी होतो. सर्कोव्हायरसला ते आवरणच नसतं. तो अल्कोहोलला दाद देत नाही, आणि विष्ठेत, पिसांच्या भुकटीत, ढोलीतल्या भुशात दीर्घकाळ टिकून राहतो. म्हणजे स्पिरिटने हात पुसून तुम्ही तोच विषाणू एका ढोलीतून दुसऱ्या ढोलीत पोचवता, तेही पक्ष्याला स्वतःला जमलं नसतं इतक्या वेगाने.

मग करायचं काय? तीन बादल्या. पहिलीत साबणाचं पाणी आणि ब्रश: विष्ठा, भुकटी, रक्त आधी घासून काढायचं, कारण मळ राहिला तर पुढचं औषध त्या मळावरच खर्ची पडतं. दुसरीत व्हिरकॉन एस, म्हणजे पाण्यात कालवायची गुलाबी जंतुनाशक पावडर, एक टक्का, म्हणजे लिटरला १० ग्रॅम. वस्तू त्यात पूर्ण १० मिनिटं बुडलेली हवी. बुचकळून लगेच काढली तर ते नुसतं गुलाबी पाण्याने विसळणं झालं. तिसरीत साधं पाणी, कारण हे द्रावण आम्लधर्मी असतं, धातू खातं. पावडर कालवताना मास्क लावा, ती नाका-डोळ्यांना झोंबते. बादलीवर तारीख लिहा. द्रावण सात दिवसांवर वापरू नका, आणि गुलाबी रंग त्याआधीच उडाला तर त्याआधीच फेकून द्या.

सगळ्यात जास्त घाण कुठे राहते? व्हर्नियरच्या, म्हणजे पिल्लाची मापं घ्यायच्या पट्टीच्या, सरकत्या जबड्याच्या फटीत आणि वजनाच्या पिशवीच्या शिवणीत. पिशवी उलटी करून शिवणीवर ब्रश फिरवा. त्याहून बरं म्हणजे प्रत्येक पिल्लाला वेगळी सुती पिशवी आणि प्रत्येक घरट्याला नवे हातमोजे. दोर आणि हार्नेस मात्र या द्रावणात बुडवू नका. आम्लाने नायलॉन कमजोर होतो आणि त्याच नायलॉनवर तुम्ही लटकणार आहात. ते बनवणाऱ्या कंपनीच्या सूचनेप्रमाणेच धुवा.

दिवसाचा क्रमही यावरूनच ठरतो. ज्या घरट्यांत आजाराची शंका नाही ती आधी, संशयित शेवटी, आणि त्यानंतर त्या दिवशी दुसरं घरटं नाही. वेळ वाचतो म्हणून वाटेतलं घरटं मध्येच उरकणं हा मला या कामातला सगळ्यात वाईट शॉर्टकट वाटतो.

नमुन्यांबद्दल थोडक्यात. पिसावर बाहेरून आलेला विषाणूही असू शकतो, त्यामुळे शक्य तिथे रक्त घ्या. पीसीआरला, म्हणजे विषाणू शोधायच्या चाचणीला, थेंबभर पुरतं. कमाल मर्यादा शरीराच्या वजनाच्या एक टक्का, म्हणजे १०० ग्रॅमच्या पिल्लाचं १ मिली, पण तिथपर्यंत जायची गरजच नसते. नळीतली चिठ्ठी पेन्सिलने लिहा. नमुना ज्या अल्कोहोलमध्ये ठेवतात त्यात शाई उतरते आणि मग नमुना कोणाचा हेच कळत नाही.

घाबरून जाऊ नका. या रोगावर औषध नाही हे खरं, पण लागण झालेला प्रत्येक पक्षी मरत नाही. मॉरिशसमध्ये साथ येऊनही संख्या वाढतच राहिली, २००७ मध्ये हा पक्षी संकटातल्या जातींच्या जागतिक यादीत ‘अतिसंकटग्रस्त’वरून एक पायरी कमी धोक्याच्या गटात आला आणि २०१९ मध्ये आणखी एक. स्वच्छतेची शिस्त कुणालाही जमते. त्याला पदवी लागत नाही, फक्त संध्याकाळी दमलेले असताना तीन बादल्या भरायची तयारी लागते.

घरी लव्हबर्ड, बजरीगर किंवा कॉकाटील असतील तर हे दुप्पट लागू. पाळीव पक्ष्यांतही हा विषाणू सापडतो, आणि वरून धडधाकट दिसणारा पक्षीही तो पसरवत असू शकतो. फील्डचे बूट आणि कपडे पूर्ण वेगळे ठेवा. महाराष्ट्रात राघूच्या ढोलीवर हात बसवू म्हणाल तर तेही नाही: वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार रानपक्ष्याच्या अंड्यांना किंवा घरट्याला त्रास देणं शिकारीत मोडतं. परवानगी नसेल तर जमिनीवरून, दुर्बिणीने नोंदी घ्या. ढोलीवर कोण किती वाजता येतं-जातं, नर मादीला कधी भरवतो, मैना कधी घुसते, याच्या नीट ठेवलेल्या वह्या मला कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा मोलाच्या वाटतात.

मार्गदर्शक निवडताना एकच बघा. पहिल्याच दिवशी फोटोसाठी पिल्लू हातात देणाऱ्यापासून लांब राहा. महिनाभर पेट्या घासायला लावणारा भेटला तर टिकून राहा. अर्ज करताना प्रकल्पाला तीन प्रश्न लेखी विचारा: निर्जंतुकीकरणाला काय वापरता आणि किती मिनिटं, घरट्यांचा क्रम कोण ठरवतं, आणि खाण्याच्या पेट्या किती दिवसांनी धुतल्या जातात. तिसरा प्रश्न विसरू नका, कारण वेगवेगळ्या घरट्यांतल्या चोची एकाच जागी येतात त्या तिथेच.