खीरगंगेच्या गरम कुंडात डुंबायला जाताय? मग हे वाचून जा

आपल्याकडे वज्रेश्वरी किंवा उन्हवरेला गाडी जवळपास कुंडापर्यंत जाते, पण हिमाचलच्या पार्वती खोऱ्यातल्या खीरगंगेला तसं नाही, तिथे साधारण १२ किमी चढून गेल्याशिवाय गरम पाणी मिळत नाही आणि उंची जवळजवळ २,९५० मीटर. म्हणूनच त्या पाण्याची किंमत कळते.

दिल्ली किंवा चंदीगडहून मनालीची रात्रीची बस पकडा, भुंतरला उतरा, तिथून कसोल, मणिकर्ण करत बर्शैणी. इथून पुढे खीरगंगेला चालतच जायचं. कॅश कसोललाच काढून घ्या, पुढे एटीएमच्या भरवशावर राहू नका.

बर्शैणीहून दोन वाटा. एक नकथान गावातून, रुद्रनाग धबधब्यावरून, दुसरी कलगा गावातून जंगलातली. पहिल्यांदा जाताय तर नकथानचीच घ्या, वाटेत गाव आहे, माणसं भेटतात. कलगाची वाट सावलीची आणि सुंदर आहे पण फाटे फुटतात, आणि या खोऱ्यात माणसं हरवल्याच्या घटना खरंच झाल्यात, त्यामुळे एकट्याने तर ती वाट नकोच. चढायला ४-५ तास धरा आणि सकाळी ८ च्या आत निघा. सीझन म्हणाल तर मे-जून नाहीतर सप्टेंबर-ऑक्टोबर, पावसाळ्यात दरडी कोसळतात. वर मुक्कामाचं बर्शैणीतच विचारून घ्या, कारण २०१८ मध्ये तिथले तंबू हटवले होते आणि नियम बदलत असतात.

आता मेन गोष्ट, कुंड. वर पोचल्या पोचल्या घामाच्या अंगाने उडी मारायची नाही!! अर्धा तास बसा, पाणी प्या, काहीतरी खा. मग बाहेर पाईपमधून पाणी पडतं तिथे अंग धुवा आणि मगच आत जा. साबण, शॅम्पू आत अजिबात नाही. कार्तिकेयाने इथे तप केलं अशी श्रद्धा आहे, लोक हात जोडून पाण्यात उतरतात, आपणही तेवढा मान ठेवायचा. बायकांचं कुंड वेगळं आणि आडोशाचं आहे.

पाण्यात १०-१५ मिनिटं पुरे. गरम पाण्यात रक्तवाहिन्या सैलावतात, बीपी खाली येतो, त्यात उंचीवर शरीर आधीच कोरडं पडलेलं, आणि तुम्ही झटकन उठलात की डोळ्यापुढे अंधारी येते, म्हणून आधी काठावर बसायचं, मग सावकाश उभं राहायचं. दारू पिऊन तर नाहीच नाही. हार्टचा त्रास असेल किंवा गरोदर असाल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नका. डोकं पाण्याखाली घालू नका, नाकात पाणी जाऊ देऊ नका, कोमट-गरम गोड्या पाण्यात मेंदूला घातक असा अमीबा असू शकतो, दुर्मिळ आहे पण झाला तर जीवघेणा. गंधकाच्या पाण्यात चांदी काळी पडते, त्यामुळे पैंजण, अंगठ्या आधीच काढून ठेवा.

बाहेर आलात की थंडी कडाडून लागते. टॉवेल, कोरडे कपडे, कानटोपी हाताशी काठावरच ठेवा, सॅकच्या तळाशी नको. हे मी विसरले होते आणि ओल्या कपड्यांत दहा मिनिटं कुडकुडत सॅक उपसत बसले होते.

मॅगीची पाकिटं, बाटल्या सगळं परत खाली आणा.