पास आहे, पण जागा आहे का?

पंचवटी एक्स्प्रेसने नाशिकरोडहून मुंबई गाठणाऱ्या पासधारकाला वेगळं सांगावं लागत नाही: पास खिशात आहे म्हणजे बूड टेकायला जागा मिळेलच असं नाही. युरोपभरच्या रेल्वेगाड्यांत चालणारा युरेल पास काढताना मात्र हे मी साफ विसरलो. मिलानहून एका वेगवान गाडीत चढलो, टीसीने पास पाहिला, मान डोलावली आणि विचारलं, 'रिझर्व्हेशन?' जागेवरच पैसे मोजले. बायको पुढचा तासभर खिडकीबाहेर पाहत होती.

तेव्हा कुठल्या देशात किती रात्री मुक्काम, हे आधी मोजा, पास नंतर. शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसासाठी, अर्ज त्या देशाकडे, जिथे मुक्काम सगळ्यात जास्त. प्रवासाच्या 6 महिने आधीपासून अर्ज घेतात, निदान 15 दिवस आधी तरी तो गेला पाहिजे. पण उन्हाळ्यात शेवटच्या दिवसांवर विसंबू नका. फी 90 युरो, विमा किमान 30,000 युरोंचा, आणि बोटांचे ठसे द्यायला मुंबईला किंवा पुण्याला फेरी. पास 33 देशांत चालतो, शेंगेन व्हिसा 29 देशांत. पॅरिसहून लंडनला गाडीने जायचं म्हणाल तर पास चालेल, पण ब्रिटनचा व्हिसा वेगळा, आसनाचे पैसेही वेगळे.

मग प्रवासाचे दिवस ठरवा. महिन्याभरात 7 दिवस, किंवा 2 महिन्यांत 10 दिवस, असे पास मिळतात. साठी ओलांडलेल्यांना सवलत आहे, आई-बाबांसाठी ती घ्याच. रात्रीची गाडी मध्यरात्रीआधी पकडली आणि मध्ये बदलली नाही तर एकच दिवस खर्च होतो. हे गणित वहीत मांडा, मोबाइलवर डोकं चालत नाही.

आता खरी कटकट. फ्रान्स, स्पेन आणि इटलीतल्या वेगवान गाड्यांना आरक्षण सक्तीचं असतं. फ्रान्समध्ये पासधारकांसाठीच्या जागाही मोजक्या, त्या भरल्या की गाडीत इतर आसनं रिकामी असूनही तुम्ही फलाटावर. त्यामुळे विमानाचं तिकीट निघालं की पाठोपाठ हीच आरक्षणं करा. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमध्ये बहुतेक गाड्यांत नुसतं चढायचं. मात्र जर्मन गाड्या उशिरा येतात, म्हणून तिथे गाडी बदलायला दहा मिनिटं ठेवू नका, तासभर ठेवा. स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राउयोख या उंच बर्फाळ ठिकाणी नेणाऱ्या डोंगरी गाडीला मात्र पास पूर्ण चालत नाही, फक्त सूट मिळते.

मोबाइल पास असेल तर युरेलच्या रेल प्लॅनर ॲपमध्ये प्रत्येक प्रवास चढण्याआधीच नोंदवा. गाडीत बसून नोंदवू म्हटलं आणि तेवढ्यात टीसी आला, तर वाद तुमच्याच अंगावर. तीन दिवसांत एकदा तरी ॲपला इंटरनेट लागतं. चौघांचे पास एकाच फोनवर ठेवण्याचा शहाणपणा आम्ही केला होता: फोन माझ्याकडे, मी डब्याच्या त्या टोकाला शौचालयात, टीसी आईसमोर. आईने त्याला चिवडा देऊ केला. त्याने घेतला नाही, पण थांबला.

पॉवर बँक, त्यामुळे, दोन. बॅगा अशा, ज्या स्वतः उचलून डब्याच्या पायऱ्या चढता येतील. हमाल शोधू नका. आणि चिवड्याची पुडी वरच्या कप्प्यात.