पऱ्हाटीची राख नको, कोळसा करा

शेवटचा वेचा झाला की जानेवारी-फेब्रुवारीत वावरात पऱ्हाटी, म्हणजे कापूस वेचून उरलेली झाडं, उभी राहते. चुलीपुरती घरी जाते, उरलेली धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, ढीग करून पेटवली जाते. एकरी साधारण एक टन वाळली पऱ्हाटी निघते. तिच्यात साडेचारशे किलोच्या आसपास कार्बन असतो आणि उघड्यावर जाळला की तो जवळजवळ सगळा हवेत जातो. तीच पऱ्हाटी खड्ड्यात नीट जाळली तर सुमारे २०० किलो कोळसा हाती येतो. त्यातला १४० किलोच्या आसपास कार्बन मातीत शेकडो वर्षं टिकू शकतो. एक किलो कार्बन जळला की साडेतीन किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइड होतो, म्हणजे एकरामागे अर्धा टन हवेत जायचा वाचला. अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात हजारो वर्षांपूर्वी माणसांनी मातीत मिसळलेला कोळसा आजही तिथे सापडतो.

गावात श्रेडर मिळत असेल तर आधी तो वापरा. बारीक केलेली पऱ्हाटी शेणखतात कुजवणं हा कधीही पहिला मार्ग. हा खड्डा आहे तो यंत्र न पोचणाऱ्या, नाहीतर काडी लावल्या जाणाऱ्या पऱ्हाटीसाठी.

पऱ्हाटी उपटतानाच किडकी बोंडं आणि कवड्या (नीट न उमललेली, घट्ट राहिलेली बोंडं) तोडून वेगळ्या जाळून टाका. गुलाबी बोंडअळी त्यातच दडून राहते. २०१७ साली तिने कापसाचं किती नुकसान केलं ते कापूस पेरणारा कोणी विसरलेला नाही. उपटलेल्या झाडाची बुडं आपटून माती झाडा, कारण माती खड्ड्यातला जाळ दाबते. मग उन्हात पंधरा-वीस दिवस पसरून वाळवा. काडी वाकवली की कटकन मोडली पाहिजे. वाकून साल सोलली जात असेल तर अजून ओल आहे, थांबा. पण वाळवण्याच्या नावाखाली ढीग मिरगापर्यंत धुऱ्यावर ठेवू नका, त्यातून पतंग निघतात आणि नव्या कापसावर जातात.

खड्डा वर ५ फूट रुंद, तळाशी २ फूट, खोल अडीच फूट. बाजू उतरत्या, कढईसारख्या. हा उतार महत्त्वाचा आहे: निखारे भिंतीला टेकून बसतात आणि खालून हवा शिरत नाही. उभ्या भिंतीच्या चरात कडेला फट राहते, तिथे कोळशाची राख होते. या मापाच्या खड्ड्यात एका वेळी ४०० ते ५०० किलो पऱ्हाटी बसते, म्हणजे एकराला दोन खेपा. खड्ड्याभोवती १० फूट वखरून मोकळं करा. गहू-हरभरा, कुटाराचा (भुशाचा) ढीग, झाडं यांपासून किमान ५० फूट अंतर ठेवा. पाण्याचे दोन ड्रम भरल्याशिवाय काडी ओढू नका. सकाळी वारा पडलेला असताना सुरू करा. दुपारचा वारा सुटला की हात लावू नका, आणि वावर जंगलाला लागून असेल तर फेब्रुवारीच्या मध्याआधीच काम उरका.

तळाशी बारीक काड्या आडव्या-उभ्या दोन फूट रचा, वर मूठभर कुटार ठेवा आणि काडी वरून लावा, खालून नाही. वरून पेटवलं की खालून निघणारा धूर जाळातच जळून जातो. सगळ्या प्रकाराची किल्ली हीच आहे. वरचा जाळ येणारी हवा खाऊन टाकतो, म्हणून खालचा कोळसा हवेवाचून टिकून राहतो.

रचलेलं खाली बसून निखाऱ्यांवर पांढरी राख दिसू लागली की पुढचा थर. थर म्हणजे एक-दोन कवळ्या, सारख्या पसरून. लांब काड्या मोडून दोन तुकडे करा. जाड बुडं खड्डा अर्धा भरेपर्यंत संपवा, कारण त्यांना शिजायला वेळ लागतो. शेवटच्या थरात घातली तर आतून तपकिरीच राहतात. खड्डा भरायला दोन ते तीन तास लागतात आणि तेवढा वेळ एक माणूस जागचा हलता कामा नये.

दाट पांढरा धूर निघाला तर पऱ्हाटी ओली आहे किंवा तुम्ही घाई करताय. थर घालणं थांबवा, जाळ पुन्हा वर येऊ द्या. धुरात मिथेन असतो, म्हणून धुमसणारा खड्डा हवेसाठी काहीच चांगलं करत नाही. उलट थर घालायला उशीर झाला तर राख वाढते.

खड्डा भरला, जाळ बसला की लगेच विझवा. अडीचशे-तीनशे लिटर पाणी फावड्याने हलवत हलवत टाका, वाफेपासून तोंड दूर ठेवा. खारपाणपट्ट्यात विहिरीचं खारं पाणी यासाठी वापरू नका, क्षार कोळशात जमतात. तिथे, किंवा जिथे पाणीच नाही तिथे, वर सहा इंच ओली माती दाबा. भेगेतून धूर दिसला की बुजवा आणि दोन दिवस उकरू नका. आधी उघडलं तर हवा लागून सगळं पुन्हा पेटतं. काढलेला कोळसाही दोन दिवस गोठ्यापासून लांब, उघड्यावर ठेवा.

चांगला कोळसा हलका असतो, काडी मोडताना खणकन आवाज येतो, हाताला लागलेला काळा रंग साध्या पाण्याने धुतला जातो. हात तेलकट राहिला तर तो कच्चा आहे, पुढच्या खेपेत टाका.

आता जिथे बहुतेक जण चुकतात ती गोष्ट. कोरडा कोळसा थेट वावरात टाकायचा नाही. तो मातीतलं नत्र स्वतःकडे ओढून धरतो आणि पीक पिवळं पडतं. आधी त्याचं पोट भरा. ओला असतानाच पोत्यात भरून वरून बैलबंडीचं चाक फिरवा, हरभऱ्याएवढे तुकडे झाले की पुरे. कोरडा कुटला तर भुकटी छातीत जाते, म्हणून नाकाला फडकं बांधा. मग एक टोपलं कोळसा, तीन टोपली कुजलेलं शेणखत आणि भिजेल इतकं गोमूत्र, असं सावलीत महिनाभर ठेवा. आठवड्यातून एकदा परता. मुठीत दाबलं तर गोळा व्हावा, पाणी गळू नये. दोन खेपांच्या कोळशाला साधारण एक ट्रॉली शेणखत लागतं.

पसरून टाकू नका, सरळ लावणीच्या जागी द्या. चार बाय दीड फुटांवर कापूस असेल तर एकरी सात हजारांवर झाडं होतात, प्रत्येकी दीड-दोन ओंजळी येतात.

फरक कुठे दिसेल? मुरमाड, बरड जमिनीत आधी, कारण तिथे ओल टिकत नाही. भारी काळ्या मातीत पहिल्या वर्षी फारसा दिसणार नाही. चोपण, म्हणजे आधीच विम्ल (अल्कली) असलेल्या जमिनीत यावर भरवसा ठेवू नका: कोळसा स्वतः विम्लधर्मी असतो, राख तर त्याहून जास्त, म्हणून राख चाळून वेगळी काढा. पहिल्या वर्षी दहा तासं (ओळी) मुद्दाम कोळशाविना, नुसत्या तेवढ्याच शेणखतावर ठेवा आणि दोन्हीकडचा कापूस वेगळा वेचून तोला.